कॉलेजचा कोच थेट मेजर लीगमध्ये! पण हा माणूस नेमकं करतो काय?

२०२५ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या मेजर लीगमधल्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या संघानं टोनी व्हिटेलोला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, नेमलं आणि अमेरिकेतली बेसबॉलची दुनिया चक्रावली. व्हिटेलो तोवर टेनेसी विद्यापीठाच्या संघाचा कोच होता. तो मेजर लीगमध्ये खेळलेला नाही, खालच्या मायनर लीगमध्येही नाही, आणि व्यावसायिक संघात त्यानं कुठल्याही हुद्द्यावर काम केलेलं नव्हतं. व्यावसायिक बेसबॉलचा काडीचा अनुभव नसताना विद्यापीठातून उठून थेट मेजर लीगचा मॅनेजर झालेला हा पहिलाच माणूस.

बातमीतले आकडे तर आणखी बुचकळ्यात टाकणारे. टेनेसीत त्याचा पगार वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर होता, म्हणजे पंचवीस-सव्वीस कोटी रुपये. जायंट्सनी देऊ केलेला, बातम्यांप्रमाणे, साधारण ३५ लाख. शिवाय मधेच करार सोडल्याबद्दल टेनेसीला ३० लाख डॉलरची भरपाई. म्हणजे जगातल्या सर्वोच्च लीगमध्ये गेल्यावरही पगारात फार मोठी उडी नाही. कॉलेजच्या पोरांना खेळ शिकवणाऱ्या माणसाला आधीच एवढे पैसे कसे मिळत होते? आणि कशाचे?

हे कळायचं तर कॉलेजच्या बेसबॉल कोचची सगळी कारकीर्दच पायथ्यापासून बघावी लागते.

आधी रचना

आपल्याकडे क्रिकेटपटू क्लब, जिल्हा, राज्य असोसिएशनचे वयोगट असा वर येतो. कॉलेज म्हणजे त्याच्यासाठी हजेरीची कटकट. अमेरिकेत मात्र विद्यापीठ हीच खेळातली मोठी पायरी आहे. विद्यापीठांच्या खेळांवर एनसीएए या संस्थेचं नियंत्रण असतं. तिच्या सगळ्यात वरच्या श्रेणीला डिव्हिजन वन म्हणतात आणि त्यात बेसबॉलचे सुमारे तीनशे संघ आहेत. हे संघ वेगवेगळ्या गटांत खेळतात. सध्या सगळ्यात तालेवार गट एसईसी: टेनेसी, एलएसयू, व्हँडरबिल्ट, आर्कान्सा, टेक्सस, टेक्सस ए अँड एम अशी बडी मंडळी त्यात आहेत.

हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. ५६ सामने. शुक्रवार-शनिवार-रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन, आणि मधे मंगळवारी बहुधा जवळपासच्या एखाद्या संघाशी एक. फेब्रुवारीत उत्तरेकडच्या विद्यापीठांची मैदानं बर्फाखाली असतात, त्यामुळे तिथले संघ पहिला महिनाभर बसने-विमानाने दक्षिणेत फिरत परक्या मैदानांवर खेळतात. दक्षिणेतल्या संघांचा वरचष्मा का, याचं अर्धं उत्तर हवामानात आहे.

मे संपता संपता ६४ संघ निवडले जातात, त्यांतून गळत गळत आठ उरतात आणि ते नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सीरीज खेळतात. १९५० पासून ही स्पर्धा तिथंच होते. कोचच्या बायोडेटात ‘ओमाहा’ किती वेळा येतं, यावर त्याची किंमत ठरते.

मैदानावरचं काम थोडं, बाहेरचं फार

टीव्हीवर कोच दिसतो तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बसायच्या जागेत, च्युइंगम चघळत हातवारे करताना. पण सामना ही त्याच्या कामातली सगळ्यात शेवटची गोष्ट. जुन्या संगीत नाटकमंडळीचा मालक आठवा. गाणारा पोरगा हेरायचा, त्याच्या आईबापांना पटवायचं, तालमी घ्यायच्या, बिऱ्हाडाची सोय बघायची, गावोगाव दौरे काढायचे, आणि कुणी नायकाला फोडून नेलं तर त्याच आठवड्याचा प्रयोग निभावून न्यायचा. कॉलेजचा कोच हेच करतो.

या पोरं हेरण्याच्या कामाला रिक्रूटिंग म्हणतात. शाळकरी खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा उन्हाळ्यात आणि हिवाळ्याच्या तोंडावर भरतात. फ्लॉरिडातल्या ज्युपिटर गावची ऑक्टोबरातली स्पर्धा बघण्यासारखी असते. एकाला एक लागून कितीतरी मैदानं, आणि त्यांच्यामधून गोल्फ कार्टांची वर्दळ. त्या कार्टांत कॉलेजांचे कोच आणि मेजर लीगचे हेर शेजारी शेजारी, हातात रडार गन आणि स्टॉपवॉच. एखादा सोळा वर्षांचा पोरगा जोरात चेंडू टाकतोय अशी कुजबुज झाली की दहा मिनिटांत त्या कुंपणामागे कार्टांची रांग लागते.

ही झुंबड इतकी वाढली होती की काही कोच आठवी-नववीतल्या मुलांकडून तोंडी होकार घेऊन ठेवायचे. मिसरूडही न फुटलेल्या पोरानं विद्यापीठ ठरवायचं! शेवटी २०२३ मध्ये नियम आला: मुलगा अकरावीत जाण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत कोचनं त्याच्याशी प्रवेशाबद्दल बोलायचं नाही.

मुलगा पटला, आता पैशांचं बघा. इथे खरी कसरत. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या किती? ११.७. हा दशांश टंकनाचा घोळ नाही. पस्तीस जणांचा संघ, त्यातल्या फार तर सत्तावीस जणांत या ११.७ शिष्यवृत्त्या वाटायच्या आणि ज्याला द्याल त्याला निदान पाव तरी द्यायची. एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, साठ टक्के दिले की शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे एका क्षेत्ररक्षकाच्या, वाट्याला तीस उरणार, आणि तिसऱ्या कुणाच्या तरी आईबापांना सांगावं लागणार की मुलगा आम्हाला हवाय, पण फी बरीचशी तुम्हीच भरा. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र वरच्या श्रेणीतल्या संघांना ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या.

म्हणून चांगल्या कोचला हिशेबनीसाचं डोकं लागायचं. जॉर्जियात लॉटरीच्या उत्पन्नातून राज्याची होप शिष्यवृत्ती मिळते. ती घेणारा स्थानिक मुलगा कोचच्या कोट्यातलं फारसं खात नाही. काही श्रीमंत खासगी विद्यापीठं गरजू विद्यार्थ्यांना स्वतःच्या निधीतून भरपूर मदत करतात, त्याचाही फायदा. बाकीचे कोच यावरून वर्षानुवर्षं कुरकुरत आले, आणि माझ्या मते त्यांची कुरकुर रास्त होती. स्पर्धा मैदानावर सुरू होण्याआधी अर्धी लेखा विभागात होऊन जायची.

बिनपगारी चाकरीपासून कोटींपर्यंत

इथवर पोचणारा माणूस सुरुवात कुठून करतो? बहुतेक वेळा फुकट काम करण्यापासून.

२०२३ च्या जुलैपर्यंत नियम असा होता की डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघात एक हेड कोच, दोन पगारी सहाय्यक आणि एक ‘स्वयंसेवक’ सहाय्यक. नाव स्वयंसेवक, पण काम पूर्णवेळ. पहाटे व्यायाम, दुपारी सराव, रात्री व्हिडिओ, आठवड्याअखेर दौरा. पगार शून्य. पोट भरायचं ते सुट्टीतल्या मुलांच्या शिबिरांवर आणि खासगी शिकवण्यांवर. तिशी उलटेपर्यंत, लग्न होऊन पोरं झाल्यावरही असं काढलेले कोच कितीतरी. शेवटी यातलेच काहीजण कोर्टात गेले. विद्यापीठांनी आपसांत ठरवून आमची मजुरी शून्यावर ठेवली, हा त्यांचा मुद्दा. एनसीएएनं नियम काढला आणि सुमारे एक हजार माजी स्वयंसेवक कोचांच्या दाव्यात जवळपास ५ कोटी डॉलर द्यायचं तडजोडीत मान्य केलं.

व्हिटेलोची वाट याच मुलखातली. सेंट लुइसचा मुलगा. वडील शाळेत खेळाचे कोच. मिझुरी विद्यापीठात तो स्वतः खेळला आणि तिथेच सहाय्यक म्हणून लागला. पुढे मेजर लीग गाजवणारा पिचर मॅक्स शर्झर त्याच काळात तिथं होता. मग तीन हंगाम टीसीयू या विद्यापीठात, मग चार आर्कान्सात. एकूण पंधराएक वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली. २०१७ मध्ये टेनेसीनं त्याला हेड कोच केलं तेव्हा टेनेसीचा संघ २००५ नंतर राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांतही आलेला नव्हता. २०१९ मध्ये आला, २०२१ मध्ये ओमाहाला पोचला, २०२४ मध्ये विजेता झाला. विद्यापीठाच्या इतिहासातलं बेसबॉलचं पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद.

माणूस तसा भडक डोक्याचा. २०२२ मध्ये भर सामन्यात अंपायरला छातीनं धक्का दिला म्हणून त्याच्यावर चार सामन्यांची बंदी आली. मग त्यानं काय करावं? दोन डॉलर द्या आणि माझ्या छातीला छाती भिडवा, असा कार्यक्रम लावून धर्मादाय कामाला पैसे जमवले. असल्या गोष्टींवर विद्यार्थी खूश, देणगीदारही खूश. कोचच्या पगारात या वलयाचाही हिस्सा असतो.

पूर्वी असं नव्हतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डीडो १९४२ ते १९८६ कोच होते आणि त्यांच्या काळात संघानं ११ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. इतकी दुसऱ्या कुणालाही जमलेली नाहीत. त्यांचा पगार होता वर्षाला नाममात्र एक डॉलर, कारण त्यांचा स्वतःचा ट्रक वाहतुकीचा धंदा जोरात होता.

उलट्या टोकाचं उदाहरण वेस जॉन्सनचं. हा मूळचा शाळेतला कोच. कॉलेजांत पिचिंग शिकवत शिकवत मिनेसोटा ट्विन्स या मेजर लीग संघाचा पिचिंग कोच झाला. २०२२ च्या जूनमध्ये, ऐन हंगामात, संघ आपल्या विभागात पहिल्या स्थानावर असताना त्यानं नोकरी सोडली. कशासाठी? एलएसयू या विद्यापीठात सहाय्यक व्हायला. पगार वाढला, आणि मेजर लीगच्या १६२ सामन्यांच्या रगाड्यातून सुटका झाली. लोकांनी भुवया उंचावल्या खऱ्या, पण कॉलेजातला पैसा किती पुढे गेलाय हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

जुलै महिना आला की छातीत धडधड

रिक्रूटिंग झालं, होकार आला, तरी मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजात हजर होईल याची खात्री नसते. कारण जुलैतला ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे मेजर लीगचे संघ पाळीपाळीनं हौशी खेळाडू उचलतात ती प्रक्रिया. बारावी झालेल्या मुलाला त्यात उचलता येतं. पण एकदा तो चार वर्षांच्या कॉलेजात शिरला की तिसरं वर्ष संपेपर्यंत, किंवा तो २१ वर्षांचा होईपर्यंत, त्याला हात लावता येत नाही. म्हणजे कोचला चांगला खेळाडू मिळाला तर बहुधा तीन वर्षांसाठी. आणि फारच चांगला असेल तर मिळतच नाही. दोन वर्षं ज्याच्या मागे फिरलात तो लाखो डॉलरचा बोनस घेऊन परस्पर निघून जातो.

कुमार रॉकरचं नाव आपल्याकडे थोड्यांना माहीत असेल. आई भारतीय वंशाची, वडील अमेरिकन फुटबॉलचे कोच. २०१८ मध्ये बारावीनंतर त्याला एका मेजर लीग संघानं ३८व्या फेरीत उचललं. इतक्या खाली, कारण तो कॉलेजलाच जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो व्हँडरबिल्टला टिम कॉर्बिन या नावाजलेल्या कोचकडे गेला. पहिल्याच वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, बाद फेरीत ड्यूक विद्यापीठाविरुद्ध त्यानं १९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे फक्त स्वतःच्या चेंडूंवर बाद केले, आणि एकही हिट दिला नाही, म्हणजे फटका मारून कुणालाही बेसवर (धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर) पोचू दिलं नाही. तो सामना हरले असते तर संघ घरी गेला असता. त्या वर्षी व्हँडरबिल्ट विजेता झाला. असा एक मुलगा कॉलेजला येणं किंवा न येणं यावर कोचची पुढची पाच वर्षं ठरू शकतात.

आलेल्या मुलाचं कोच काय करतो, याचाही एक नमुना सांगतो. बस्टर पोझी फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात आला तेव्हा शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला चपळ क्षेत्ररक्षक. पहिलं वर्ष तिथंच खेळला. दुसऱ्या वर्षी कोच मंडळींनी त्याला सांगितलं, तू कॅचर हो. कॅचर म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून दीडशे चेंडू झेलायचे, गुडघ्यांची वाट, अंगावर मार, आणि प्रत्येक पिचरचा स्वभाव पाठ हवा. पोझी झाला. एका सामन्यात तर कोचनं त्याला नऊच्या नऊ जागांवर खेळवलं. २००८ मध्ये जायंट्सनी त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं, आणि त्यानं कॅचर म्हणून त्यांना २०१०, २०१२ आणि २०१४ ची वर्ल्ड सीरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला. जायंट्सच्या बेसबॉल विभागाचा आजचा प्रमुख हाच पोझी. व्हिटेलोची निवड त्यानंच केली. कॉलेजचा कोच खेळाडूचं काय करू शकतो, हे त्यानं स्वतःच्या गुडघ्यांवर अनुभवलेलं आहे.

२०२१ नंतर खेळच पालटला

आतापर्यंत सांगितलेली घडी गेल्या काही वर्षांत विस्कटली. कारणं तीन, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली.

पूर्वी खेळाडूनं विद्यापीठ बदललं तर त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायची मुभा मिळाली, २०२४ मध्ये जवळपास कितीही वेळा. बदलू इच्छिणाऱ्यांची नावं एका ऑनलाइन यादीत जातात. तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. त्याच २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. आणि २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं मान्य केलेल्या एका तडजोडीनं विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची वाट मोकळी केली: पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ११.७ चा नियमही तेव्हाच गेला. त्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना आता ३४ जणांचा संघ ठेवता येतो आणि वाटल्यास चौतीसही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. अर्थात ‘वाटल्यास’ हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक रक्कम फुटबॉल आणि बास्केटबॉल पळवतात. उरलेल्यातून बेसबॉलसाठी भांडून घेणं हे कोचचं नवं काम.

पोर्टलचं सामर्थ्य बघायचं तर एलएसयूचं २०२३ चं वर्ष बघा. पॉल स्कीन्स हवाई दलाच्या अकादमीत शिकत होता. कॅचरही होता आणि पिचरही. तिथं तिसऱ्या वर्षात शिरलं की लष्करी सेवेचं बंधन लागू होतं. तो २०२२ च्या उन्हाळ्यात एलएसयूला आला आणि ट्विन्स सोडून आलेल्या त्याच वेस जॉन्सनच्या हाताखाली फक्त पिचर झाला. एका वर्षात एलएसयू राष्ट्रीय विजेता, स्कीन्स ड्राफ्टमध्ये देशात पहिला, आणि जॉन्सन जॉर्जिया विद्यापीठाचा हेड कोच. तिघांचंही भलं झालं. अकादमीच्या कोचचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

“मग निष्ठा वगैरे काही उरलं की नाही?”

हा प्रश्न मुलांना उद्देशून विचारला जातो, पण आधी कोचांकडे बघू. २०२४ च्या २४ जूनला ओमाहात टेनेसीनं टेक्सस ए अँड एमला हरवून विजेतेपद मिळवलं. हरलेल्या संघाचे कोच जिम श्लॉसनेगल. सामन्यानंतर पत्रकारानं विचारलं, तुम्ही टेक्सस विद्यापीठात जाताय अशी चर्चा आहे. ते चिडले. हा प्रश्न विचारणं स्वार्थीपणाचं आहे, पुन्हा दुसरी नोकरी धरायची नाही म्हणूनच मी ए अँड एमला आलो, अशा आशयाचं काही बोलले. दुसऱ्याच दिवशी ते टेक्ससचे कोच झाले. आणि टेक्सस म्हणजे ए अँड एमचं हाडवैर!

मला यात धक्का बसण्यासारखं फार काही वाटत नाही. करार दोघांच्या सोयीचा असतो. मात्र कोच असा रातोरात जाऊ शकत असेल, तर मुलांनी एक वर्ष बाहेर बसायचा जुना नियम कुठल्या तोंडानं चालू ठेवणार होते?

“विजेतेपद नाही म्हणजे कारकीर्द फुकट?”

फ्लॉरिडा स्टेटचे माईक मार्टिन चाळीस हंगाम कोच होते, १९८० ते २०१९. २,०२९ विजय. चाळीसच्या चाळीस वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत. सतरा वेळा ओमाहा. आणि विजेतेपद एकदाही नाही. पोझीला कॅचर केलं तो संघ यांचाच.

त्यांच्यानंतर त्यांचाच मुलगा, जो वर्षानुवर्षं त्यांचा सहाय्यक होता, हेड कोच झाला. तीन हंगाम, त्यातला पहिला कोविडनं अर्ध्यावर मोडला. २०२२ मध्ये विद्यापीठानं त्याला काढलं. बापाला चाळीस वर्षं मिळाली, मुलाला तीन. जागेवर आणला लिंक जॅरेट, जो तेव्हा नॉत्र दाम विद्यापीठाचा कोच होता. जॅरेटला भाव कशानं आला? त्याच महिन्यात त्याच्या संघानं देशात अव्वल असलेल्या टेनेसीला त्यांच्याच नॉक्सव्हिल शहरात जाऊन हरवलं होतं. ५७ विजय, ९ पराभव, असा तो व्हिटेलोचा संघ. विजेतेपद ठरल्यातच जमा होतं, आणि ओमाहाचं तिकीटही मिळालं नाही.

बेसबॉलमध्ये असं होतंच. सगळ्यात बलाढ्य संघही एखाद्या शनिवारी दुबळ्याकडून हरतो. ५६ सामन्यांत कस कळतो, तीन सामन्यांत नशीबही खेळतं. हे ठाऊक असूनही विद्यापीठं कोचचा निकाल जूनमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांवर लावतात. मार्टिन हे सगळ्यात यशस्वी कोचांपैकी एक, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

“आणि मुलांच्या खांद्यांचं काय?”

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. मेजर लीगमध्ये पिचरनं शंभरएक चेंडू टाकले की मॅनेजर त्याला सहसा बाहेर काढतो, कारण तो खांदा म्हणजे संघाची कोट्यवधींची मालमत्ता. शाळांमध्ये तर चेंडूंवर मर्यादाच आहेत. मधे कॉलेज. एनसीएएनं चेंडूंच्या संख्येवर कसलीही मर्यादा घातलेली नाही. सगळं कोचच्या विवेकावर, आणि कोचची नोकरी जूनवर.

२००९ च्या ३० मे रोजी टेक्सस आणि बॉस्टन कॉलेजमधला सामना २५ डावांपर्यंत लांबला. नेहमीचे डाव नऊ असतात. टेक्ससचा ऑस्टिन वुड हा शेवटचा एखाद-दुसरा डाव सांभाळणारा पिचर. तो सातव्या डावात आला आणि १३ डाव टाकत राहिला. १६९ चेंडू, एकही धाव दिली नाही. टेक्सस ३-२ नं जिंकलं. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोच होते ऑगी गॅरिडो, पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेले, खेळातल्या मानाच्या माणसांपैकी एक. पराक्रम म्हणून ही गोष्ट आजही सांगतात. मला ती वाचताना दर वेळी वाटतं, की दीडशेव्या चेंडूला त्या मुलाला ‘बस झालं’ म्हणणारं, ज्याचा पगार निकालावर अवलंबून नाही असं कुणीतरी तिथं हवं होतं. मुलगा स्वतःहून कधीच म्हणणार नाही.

आठवड्याला वीस तासांहून जास्त सराव घ्यायचा नाही, असा नियम अभ्यासासाठी आहे. पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात तीनच तास धरतात. बसचा प्रवास वेगळाच. काय समजायचं ते समजा.

मग हा माणूस मेजर लीगमध्ये चालेल का?

आधी कुणी गेलंच नव्हतं असं नाही. पॅट मर्फी नॉत्र दाम आणि ॲरिझोना स्टेटमध्ये बावीस वर्षं कोच होता. २००९ मध्ये एनसीएएच्या चौकशीच्या सावटात त्यानं राजीनामा दिला, मायनर लीगमध्ये खालून सुरुवात केली, आणि पुढे मिलवॉकी ब्रूअर्समध्ये क्रेग काउन्सेलचा दुय्यम झाला. काउन्सेल हा नॉत्र दाममधला त्याचाच विद्यार्थी! २०२४ मध्ये मर्फी स्वतः ब्रूअर्सचा मॅनेजर झाला आणि त्या वर्षी व पुढच्याही वर्षी नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, सर्वोत्तम मॅनेजर ठरला. पण कॉलेज सोडल्यापासून तिथवर पोचायला त्याला चौदाएक वर्षं लागली. व्हिटेलोनं ती वर्षं गाळलीत.

फरक सामन्यांच्या आकड्यात आहे, ५६ आणि १६२. पण तो अंगवळणी पडेल. अवघड आहे ते दुसरंच. मेजर लीगच्या मॅनेजरकडे नाटकमंडळीची मालकी नसते. नट निवडणार पोझी, पैसे देणार मालक, आकडेवारीचा विभाग सांगणार कुणाला कधी काढायचं. कॉलेजात चेंडू कुठला टाकायचा हेसुद्धा बहुतेकदा डगआउटमधून कानातल्या यंत्रावर सांगितलं जातं. इथे ते बहुतांशी पिचर आणि कॅचर ठरवतात. व्हिटेलोची सगळ्यात मोठी कला म्हणजे अठरा वर्षांच्या पोराला आपल्याकडे ओढून आणणं, आणि जायंट्समध्ये नेमकी तीच कामाची नाही.

शिवाय रफाएल डेव्हर्स आहे. २०२५ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सनी आधी त्याची तिसऱ्या बेसची जागा दुसऱ्याला दिली आणि मग गरज पडल्यावर विचारलं, पहिल्या बेसवर खेळशील का? तो नाही म्हणाला. जूनमध्ये बॉस्टननं त्याला जायंट्सकडे पाठवून दिलं. त्याचा करार २०३३ पर्यंतचा आहे, तेव्हा उरलेली रक्कम २५ कोटी डॉलरच्या वर होती. जायंट्सकडे आल्यावर तो पहिल्या बेसवर खेळला, पण ते त्याच्या मनाला आलं म्हणून. फ्लॉरिडा स्टेटमध्ये पोझीला ‘कॅचर हो’ म्हणताना कोचांना असा विचार करावा लागला नव्हता. डेव्हर्सला मंगळवारी बाकावर बसवायचं तर व्हिटेलोला आधी त्याचं मन वळवावं लागेल. तसं बघितलं तर आईबापांच्या बैठकीच्या खोलीत बसून तो वीस वर्षं दुसरं काय करत होता? पोझीनं बहुधा यावरच पैसे लावलेत. टेनेसीत त्याच्याकडे शिकलेले ड्रू गिल्बर्ट आणि ब्लेड टिडवेल आता जायंट्सकडेच आहेत. कोच कसा आहे हे बाकीच्यांना त्यांच्याकडून कळेलच.

इकडे टेनेसीनं जॉश एलँडर या व्हिटेलोच्या सहाय्यकाला हेड कोच केलं. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस, हंगाम साडेतीन महिन्यांवर. होकार देऊन बसलेल्या शाळकरी मुलांना, त्यांच्या आईबापांना एकेक करून फोन लावायचे होते, म्हणजे कोचच्या खऱ्या कामाला त्याला पहिल्या दिवसापासूनच लागावं लागलं.